तुला आफ्रिकन येतं का?

मचवा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात सुट्टीवर अलिबागला आलो होतो. आत्या भेटायला आली. घावन खाता खाता तिनं विचारलं, "इतकी वर्षं तिकडे काढलीस, तुला आफ्रिकन येतं का रे?" तिनं मनापासून विचारलं होतं, मीही मनापासून सांगायला बसलो. पण चहा निवला तरी उत्तर संपेना, तेव्हा ठरवलं की हे नीट लिहून काढायचं.

माझं काम काजूबीचं. टांझानियाच्या दक्षिण टोकाला म्त्वारा नावाचं बंदर आहे. तिथून कच्ची बी घ्यायची आणि कोकणातल्या कारखान्यांकडे रवाना करायची. आमच्या गोदामातला काटेवाला दिवसभरात तीन भाषा बोलतो. हमालांशी माकोंडे, माझ्याशी स्वाहिली आणि बंदरावरच्या कागदपत्रांपुरती इंग्रजी. गावाच्या दक्षिणेला रुवुमा नदी आहे, ती ओलांडली की मोझांबिक. तिकडेही माकोंडे लोकच राहतात, पण त्यांच्या मुलांची शाळा पोर्तुगीजमधून. नदीला सरहद्द कुणी केलं? १८८० च्या दशकात जर्मनांनी आणि पोर्तुगीजांनी, आपापसांत. त्यामुळे एका आजीची काही नातवंडं आभार मानताना 'ओब्रिगादो' म्हणतात आणि काही 'असांते'. आजी मात्र दोन्हीकडच्यांशी माकोंडेतच बोलते.

आफ्रिकेत दोन हजारांहून जास्त भाषा आहेत, जगातल्या एकूण भाषांचा जवळपास तिसरा हिस्सा. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर, टांझानियात १२० च्या पुढे. हे आकडे आत्याला सांगितले, तिनं मान डोलावली, पण तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. शब्द सांगायला लागलो तेव्हा ती सावरून बसली. म्हणून इथेही शब्दांपासूनच सुरुवात करतो.

'स्वाहिली' हे नाव अरबी 'सवाहिल'वरून आलं. सवाहिल म्हणजे किनारे. भाषेचा सांगाडा बांटू या आफ्रिकेतल्या भाषासमूहाचा आहे आणि त्यावर समुद्रानं आणून टाकलेले शब्द आहेत. म्त्वाराच्या पहिल्या आठवड्यात मी वहीत लिहिलेली यादी अजून जपून ठेवली आहे. बंदर म्हणजे 'बंदारी', जहाजाचा नांगर 'नांगा', सरकार 'सेरिकाली', रंग 'रांगी', हिशेब 'हेसाबू', लाख 'लाकी', विमा 'बिमा', गाडी 'गारी', पैसा 'पेसा'. यातले काही शब्द अरबी-फारसीतून दोन्ही किनाऱ्यांवर वेगवेगळ्या वाटांनी पोचले, काही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी नेले. पेरूला तिकडे 'पेरा' म्हणतात. आपला पेरू आणि त्यांचा पेरा, दोघांनाही हे नाव पोर्तुगीजांनी दिलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दिशांची. स्वाहिलीत उत्तर म्हणजे 'कास्काझिनी' आणि दक्षिण म्हणजे 'कुसिनी'. कास्काझी हा साधारण डिसेंबर ते मार्च वाहणारा ईशान्येचा वारा, कुसी हा त्यानंतर उलट्या अंगानं येणारा. गलबतं कास्काझी धरून आपल्या बाजूनं आफ्रिकेत जायची आणि कुसी सुरू झाला की परत फिरायची. दिशांची नावं वाऱ्यांवरून पडावीत इतकं त्या माणसांचं आयुष्य या ये-जा करण्यावर बेतलेलं होतं. एवढा मोठा इतिहास दोन शब्दांत मावलाय.

आणखी एक. 'गेरेझा' म्हणजे तुरुंग. हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे चर्च. गोव्यातल्या मंडळींना लगेच कळेल, कोंकणीत आपण चर्चला 'इगर्ज'च म्हणतो. मोंबासाचा पोर्तुगीज किल्ला, फोर्ट जीझस, १५९३ मध्ये बांधायला घेतला तेव्हा त्या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चाले. एकाच राज्यकर्त्यांचा एकच शब्द. गोव्यात तो देवाच्या घराला चिकटला आणि मोंबासाच्या बाजूला कोठडीला. तिथल्या लोकांनी पोर्तुगीजांकडून काय सोसलं असेल, याचा अंदाज मला या एका शब्दावरून येतो.

नाती लावताना आपला मराठी माणूस हमखास अडखळतो. 'बाबा' म्हणजे बाबाच, पण 'मामा' म्हणजे आई, 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. काटेवाला मला 'काका' म्हणायचा तेव्हा तो मला वडीलधारा समजतो असं मला वाटे. तो भाऊ म्हणत होता.

घड्याळही वेगळं. दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हे मोजमाप चोख बसतं. आपल्या घटका-पळांची मोजणीही सूर्योदयापासूनच व्हायची.

हे सगळं एका भाषेबद्दल झालं, तेही मला येतं तेवढंच. खंडाच्या बाकीच्या भागांत ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी आपलं लिहावं.

---

चिंचोका

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली. इगर्ज-गेरेझा वाचून अंगावर काटा आला.

एक शंका आहे. या दोन हजार म्हणजे खरोखर स्वतंत्र भाषा, की आपल्या मालवणी-अहिराणी-वऱ्हाडीसारख्या बोली मोजून आकडा फुगतो? आमच्या ऑफिसात एक जण ठामपणे सांगतो की आफ्रिकेत 'बोली' असतात, 'भाषा' नसतात.

---

व्याकरणवेडी

मचवा, लेख मनापासून आवडला. चिंचोका, तुमच्या सहकाऱ्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण हा गैरसमज फार जुना आहे.

भाषा आणि बोली यांच्यातली रेघ सगळीकडेच पुसट असते, त्यामुळे मोजदादीत थोडंफार इकडेतिकडे होणारच. पण आफ्रिकेतली विविधता बोलींच्या पातळीवरची नाही. मराठी आणि तमिळ जशा मुळातच वेगळ्या, तशी वेगळी कुळं तिथे शेजारी शेजारी नांदतात. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषातज्ज्ञानं १९६३ साली या खंडाच्या भाषांची चार मोठ्या कुळांत वाटणी केली, अजूनही चर्चा तिथूनच सुरू होते. उत्तरेकडचं आफ्रो-आशियाई कूळ: अरबी, बर्बर, हौसा, सोमाली, अम्हारिक आणि प्राचीन इजिप्तची भाषासुद्धा यातलीच. नाईल खोऱ्याच्या आसपासचं नायलो-सहारन: मसाई, लुओ, डिंका. पश्चिमेपासून थेट दक्षिण टोकापर्यंत पसरलेलं नायजर-काँगो, ज्याची बांटू ही एक फांदी. आणि चौथं खोइसान. यातला चौथा गट आता अभ्यासक एक कूळ मानत नाहीत. टकार, म्हणजे जीभ टाळूवरून किंवा दातांवरून सोडवून काढलेले आवाज, या सगळ्या भाषांत आहेत म्हणून त्या एकत्र टाकल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात ती निदान तीन वेगळी कुळं आहेत. शिवाय टांझानियातली हाद्झा भाषा एकटीच आहे, तिचा कुठल्याच भाषेशी संबंध सिद्ध झालेला नाही.

मादागास्कर यात कुठेच बसत नाही. तिथली मलागासी भाषा आफ्रिकेतून आलेलीच नाही. तिची सगळ्यात जवळची बहीण बोर्निओ बेटावरची मआन्यान. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी माणसं होड्यांतून अख्खा हिंदी महासागर ओलांडून तिथे पोचली. एवढ्या मोठ्या प्रवासाचा भक्कम पुरावा कुठला, तर आजही तिथल्या बाजारात बोलली जाणारी भाषा.

बांटूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, तो माझा आवडता विषय आहे. माणूस: स्वाहिलीत 'म्तू', झुलूत 'उमुंतू', शोनात 'मुन्हू', गिकुयूत 'मुंडू'. शेळी: 'म्बुझी', 'इम्बुझी', 'म्बुड्झी', 'म्बुरी', त्याच क्रमानं. केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत हजारो किलोमीटरवर शेळीचं नाव ओळखू येतं. अशा शेकडो शब्दांची तुलना करत अभ्यासक मागे मागे गेले आणि आजच्या नायजेरिया-कॅमेरूनच्या सरहद्दीजवळ पोचले. तिथून चार-पाच हजार वर्षांपूर्वी शेती करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहिली. त्यांचा एकही शिलालेख नाही, एकही बखर नाही. त्यांच्या वाटेचा मोठा माग शेळीच्या नावातून लागला.

आता व्याकरण. आपण 'चांगला मुलगा आला, चांगली मुलगी आली, चांगलं मूल आलं' म्हणतो, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण आणि क्रियापद बदलतो. बांटू भाषांत हेच होतं, फक्त वर्ग तीनऐवजी दहा-पंधरा असतात आणि बदल शब्दाच्या शेवटी न होता सुरुवातीला होतो. माणसांचा वर्ग वेगळा, झाडांचा वेगळा, वस्तूंचा वेगळा. 'किटाबू किझुरी किमेआंगुका' म्हणजे चांगलं पुस्तक पडलं. अनेक पुस्तकं असली की 'विटाबू विझुरी विमेआंगुका'. गंमत बघा, किताब हा शब्द अरबी. त्यातला 'कि' मूळ शब्दाचाच भाग, पण स्वाहिली कानांना तो आपल्या वस्तुवर्गाचा उपसर्ग वाटला आणि अनेकवचन 'विटाबू' झालं. इंग्रजी 'कीप लेफ्ट'चंही तसंच. रस्त्यावरच्या गोल चौकाला स्वाहिलीत 'किपिलेफ्टी' म्हणतात, अनेक चौक असले की 'विपिलेफ्टी'. बाहेरून आलेला शब्द ज्या भाषेत असा मुकाट्यानं घरचे नियम पाळायला लागतो, तिला 'बोली' म्हणून खाली ढकलणारा माणूस ती कधी ऐकायला बसलेला नसतो.

---

रानवाट

माहिती उत्तम, पण एक वेगळा सूर लावतो. इतक्या भाषा हे त्या खंडाचं दुर्दैवही नाही का? कारभार कसा करायचा, पाठ्यपुस्तकं किती भाषांत छापायची? एक भाषा असती तर भांडणं कमी झाली असती, विकास लवकर झाला असता. आपल्याकडे भाषावार प्रांतरचनेत किती रक्त सांडलं ते आपण जाणतोच. लहान भाषा गेल्याचं दुःख मला कळतं, पण त्या बोलणाऱ्या माणसाच्या मुलाला नोकरी कुठल्या भाषेत मिळणार?

---

मचवा

रानवाट, तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे, त्याला मी बगल देणार नाही. त्याआधी भांडणांबद्दल बोलतो.

रवांडात हुतू आणि तुत्सी या दोन्ही समाजांची भाषा एकच, किन्यारवांडा. तरी १९९४ साली तिथे तुत्सींचा वंशसंहार झाला. सोमालिया हा आफ्रिकेतल्या भाषेनं सगळ्यात एकजिनसी देशांपैकी एक, आणि तिथलं यादवी युद्ध पिढ्यांना पुरलं. उलट १२० भाषांचा टांझानिया स्वातंत्र्यापासून बऱ्यापैकी शांत राहिला. भाषा एक असली की माणसं एक होतात, असा अनुभव तिथे तरी दिसत नाही.

टांझानियानं जोडभाषा मात्र जाणीवपूर्वक घडवली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांची मातृभाषा झानाकी, अगदी लहान समाजाची. त्यांनी देशाला बांधायला स्वाहिली निवडली. ती कुठल्याही बड्या जमातीची नव्हती, किनाऱ्यावरच्या बंदरांची आणि व्यापाराच्या वाटांची होती, त्यामुळे आपल्यावर दुसऱ्याची भाषा लादली असं फारसं कुणाला वाटलं नाही. राष्ट्राध्यक्ष असताना ते शेक्सपिअरची नाटकं स्वाहिलीत उतरवत होते. ही भाषा बाजारापुरती नाही, तिच्यात कुठलीही मोठी गोष्ट मावते, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. त्यांच्या आर्थिक धोरणांवर टीका करणारे लोक मला रोज भेटतात, पण भाषेच्या बाबतीत त्यांच्यावर रागावलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण किंमत मोजावी लागली. स्वाहिलीच्या सावलीत लहान भाषा आक्रसत चालल्या आहेत. आणि माध्यमिक शाळेत गेलं की सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. सात वर्षं स्वाहिलीतून गणित शिकलेली मुलं तिथे गप्प होतात. आमच्या गोदामातल्या एका हमालाचा मुलगा असाच शाळा सोडून आला. हुशार पोरगा, तोंडी हिशेब माझ्याआधी करतो.

शाळेची भाषा ही साधी सोयीची बाब नसते. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी लिहून ठेवलंय की त्यांच्या लहानपणी शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या मिळत किंवा गळ्यात पाटी अडकवली जाई. मोठेपणी इंग्रजीतले नावाजलेले लेखक झाल्यावर, १९७७ साली, त्यांनी गावकऱ्यांना घेऊन गिकुयूत नाटक केलं. इंग्रजीत ते सरकारवर टीका करत होते तोवर चाललं, गावकऱ्यांच्या भाषेत बोलले आणि खटल्याविना तुरुंगात गेले. तिथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्या दिवशी आमच्याकडे रेडिओवर दिवसभर त्यांच्याबद्दल बोलत होते.

तेव्हा नोकरीच्या भाषेबद्दल माझं म्हणणं एवढंच: मुलाला ती जरूर शिकवा, पण त्यासाठी घरची भाषा त्याच्या गळ्यात पाटी म्हणून अडकवू नका. काटेवाला तीन भाषा बोलतो, त्यातल्या एकीनं दुसरीचं काहीही बिघडवलेलं नाही.

---

ताम्हण

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमध्ये, म्थाथा गावी होतो. तिथली भाषा खोसा. वर टकारांचा उल्लेख आला म्हणून लिहिते.

हे आवाज मराठी माणसाला अजिबात परके नाहीत. कुणाचं वाईट झाल्याचं ऐकून आपण चुकचुकतो, तो दातांमागचा 'च्‌च्‌' हाच त्यांचा पहिला टकार. बैल हाकताना गाडीवान गालाच्या बाजूनं जो आवाज काढतो तो दुसरा, आणि 'खोसा' या नावाची सुरुवात त्याच आवाजानं होते. तिसरा बाटलीचं बूच उडावं तसा. आपण हे आवाज शब्दांबाहेर ठेवले, त्यांनी ती व्यंजनं केली, आपल्या क-च-ट-त-पसारखी. माझी शेजारीण मला शिकवायची तेव्हा एकेक आवाज सुटा काढायला मला लगेच जमला. तो शब्दाच्या मध्ये, बोलण्याच्या ओघात बसवायला वर्ष गेलं.

खोसा आणि झुलू या बांटू भाषा, आणि मूळ बांटूत टकार नव्हते. ते त्यांनी आधीपासून तिथे राहणाऱ्या खोइ आणि सान लोकांकडून घेतले. कसे घेतले, याबद्दलचं एक मत ऐकून मी थक्क झाले होते. खोसा आणि झुलू समाजांत 'ह्लोनिपा' नावाची रीत आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेनं सासऱ्याचं, दिरांचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावातली अक्षरं ज्या रोजच्या शब्दांत येतात तेही टाळायचे. समजा सासऱ्याच्या नावात 'पा' आहे, तर पाण्याला, पानाला, पायाला दुसरा शब्द शोधायचा. काही अभ्यासकांना वाटतं की असे पर्यायी शब्द घडवताना बायकांनी शेजारच्या भाषांतले आवाज उचलले आणि टकार अशा रीतीनं घराघरांत शिरले.

माझ्या आजीनं आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. शेजारणीला मी हे सांगितलं. तिनं उखाणा ऐकवायला लावला आणि मग तिच्या आईनं सासऱ्याच्या नावापायी कोणकोणते शब्द बदलले होते ते एकेक करून मला सांगितले. त्या दुपारी आम्ही दोघी जेवायच्या विसरलो होतो.

रानवाट यांच्यासाठी एक जोड: १६ जून १९७६ ला सोवेटोत शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती शाळेत आफ्रिकान्स, म्हणजे तेव्हाच्या गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा, माध्यम म्हणून लादली म्हणून. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आता त्या देशात बारा राजभाषा आहेत, २०२३ पासून खुणांची भाषा ही त्यातली बारावी.

---

चिंचोका

ताम्हण, उखाण्याचं वाचून आजीची आठवण आली. _/\_

लिपीबद्दल कुणी लिहील का? 'त्यांना लिपी नव्हती' हे सहकाऱ्याचं पुढचं वाक्य असणार.

---

टाक_बोरू

लिपी हा माझा प्रांत, त्यामुळे राहवत नाही.

इथिओपियाची गीझ लिपी बघितली तर मराठी माणसाला ती ओळखीची वाटेल. ती डावीकडून उजवीकडे जाते आणि तिला चक्क बाराखडी आहे, फक्त बाराऐवजी सात घरांची. प्रत्येक व्यंजन सात स्वरांबरोबर थोडा थोडा आकार बदलतं, आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारखं. पोरं ती मोठ्यानं घोकून पाठ करतात. अम्हारिक आणि तिग्रिन्या या लिपीत लिहितात. गीझ भाषा बोलण्यातून केव्हाच गेली, पण चर्चमधल्या प्रार्थनांत ती अजून आहे, आपल्याकडे पूजेला संस्कृत असते तशी.

सुदानमधल्या प्राचीन मेरोई राज्याची लिपी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वाचता आली, पण भाषा अजून नीटशी कळलेली नाही. म्हणजे अक्षरं उच्चारता येतात आणि अर्थ हाती लागत नाही. सहाराच्या बर्बर लोकांची तिफिनाग लिपीही प्राचीन. मोरोक्कोनं २०११ च्या राज्यघटनेत अमाझिग म्हणजे बर्बर भाषेला राजभाषेचा दर्जा दिला आणि आता ती लिपी सरकारी पाट्यांवर दिसते. स्वाहिली, हौसा, फुलानी या भाषा शतकानुशतकं अरबी लिपीत लिहिल्या जात होत्या. रोमन लिपी फार नंतर आली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती अलीकडची गोष्ट. गिनी देशातल्या सोलोमाना कांते यांच्या वाचनात एक लेख आला. त्यात म्हटलं होतं की आफ्रिकेतल्या भाषा लिहिताच येत नाहीत. त्यांनी आधी अरबी आणि रोमन अक्षरांत आपली भाषा लिहून पाहिली. तिच्यातले सूर, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं बदलणारे अर्थ, त्यात बसेनात. मग १९४९ साली त्यांनी स्वतःच लिपी तयार केली, न्को. 'न्को' म्हणजे 'मी म्हणतो', आणि मांदिंग गटातल्या सगळ्या भाषांत ते असंच म्हणतात. पुढे त्यांनी व्याकरण, इतिहास, औषधं असं काय काय त्या लिपीत लिहून लोकांत वाटलं.

त्याच गिनीत १९८९ च्या सुमारास इब्राहिमा आणि अब्दुलाय बारी या दोन शाळकरी भावांनी खोलीचं दार लावून फुलानी भाषेसाठी अक्षरं काढायला सुरुवात केली. अरबी अक्षरांत आपले काही उच्चार उतरत नाहीत, वडिलांकडे आलेली पत्रं वाचताना अडखळायला होतं, एवढंच त्यांना खुपत होतं. त्या अक्षरांची आदलाम लिपी झाली, बाजारहाटातून देशोदेशी पसरली, आणि २०१६ मध्ये युनिकोडमध्ये आली. आज तिच्यात मोबाइलवर निरोप जातात. चिंचोका, तुमच्या सहकाऱ्याला या दोन पोरांची गोष्ट सांगा.

---

मोका_नदी

नमस्कार. मी मॉरिशसहून लिहीत आहे. माझे मराठी थोडे पुस्तकी वाटेल, कारण मी ते शाळेत आणि नंतर महात्मा गांधी संस्थेत शिकलो.

आमचा देशही आफ्रिकेतच मोजला जातो. या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच, म्हणून येथील प्रत्येक भाषा जहाजातून उतरली आहे. गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकेची आणि मादागास्करची माणसे आपापल्या भाषा घेऊन आली, मालक फ्रेंच बोलत, आणि त्या सर्वांतून क्रिओल तयार झाली. १८३४ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आले. आमचे पूर्वज मुंबई बंदरातून निघाले. ते कोकणातील होते, एवढेच घरात सांगितले जाते, गावाचे नाव कोणाला आठवत नाही.

माझी पणजी मराठी बोलत असे. आजी मराठी आणि क्रिओल. माझे वडील क्रिओल बोलतात आणि त्यांना मराठी भजने पाठ आहेत. मी शिकून पुन्हा बोलू लागलो, पण माझी मुले घरी क्रिओलच बोलतात. क्रिओल आमच्या शाळांत २०१२ पासून विषय म्हणून शिकवली जाते आणि मला त्याचा आनंद आहे, कारण तीही गरीब माणसांनी घडवलेली भाषा आहे. गणेश चतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही जो नाच करतो त्याला झाकरी म्हणतो. कोकणात त्याला जाखडी म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. अक्षरे प्रवासात बदलली असावीत.

---

मचवा

मोका_नदी, तुमचं मराठी स्वच्छ आणि गोड आहे. जाखडीवरून आठवलं, आपल्याकडेही उलटा प्रवास झालेला आहे. गुजरातच्या सिद्दी लोकांचा 'गोमा' नाच आहे ना, तो स्वाहिली 'न्गोमा'. अर्थ ढोल, आणि ढोलावरचा नाचही. भाषा गेली, गाण्यांत थोडे शब्द राहिले आणि ढोलाचं नाव टिकलं. आमच्या मुरूडचा 'जंजिरा' म्हणजे अरबी 'जझीरा', बेट. आणि 'हबशी' म्हणजे हबश देशाचा, हबश म्हणजे आजचा इथिओपिया. मलिक अंबर तिथला.

---

व्याकरणवेडी

धागा इतका छान रंगलाय, त्यात जड गोष्ट आणते, पण ती इथे यायलाच हवी.

केप टाउनमध्ये १८७० च्या सुमारास विल्हेल्म ब्लीक नावाचा जर्मन भाषातज्ज्ञ होता. 'बांटू' हे नाव भाषाकुळासाठी रूढ केलं ते यानंच. त्याला कळलं की बंदराच्या तुरुंगात सान लोकांपैकी काही कैदी आहेत आणि ते खाम भाषा बोलतात (आधी दातांमागचा टकार, मग 'खाम'). त्यानं परवानगी काढून त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. तो आणि त्याची मेहुणी लुसी लॉइड त्यांच्याकडून भाषा शिकले, आणि ऐकलेलं शब्दन्‌शब्द वह्यांत उतरवू लागले. काबो नावाचा म्हातारा त्यांचा मोठा कथेकरी. शिक्षा संपल्यावरही तो काही काळ तिथेच राहिला, आपल्या लोकांच्या गोष्टी पुस्तकांतून इतरांना कळाव्यात म्हणून. १८७५ मध्ये ब्लीक वारला, लुसीनं काम थांबवलं नाही. एकूण साधारण बारा हजार पानं भरली.

खाम बोलणारं आज कुणी नाही. २००० साली दक्षिण आफ्रिकेनं नवं राजचिन्ह घेतलं तेव्हा त्यावरचं बोधवाक्य खाम भाषेत लिहिलं. 'वेगवेगळ्या लोकांनो, एक व्हा' असा त्याचा अर्थ. तो त्या वह्यांच्या आधारानं लावता येतो.

तिची बहीण नूऊ. कात्रिना एसाऊ या आजीबाई अपिंग्टन गावात आपल्या घरी मुलांना ती भाषा शिकवत आल्या आहेत. ती अस्खलित बोलणाऱ्या अगदी शेवटच्यांपैकी त्या एक. लहानपणी शेतमालकानं ही भाषा बोलायला बंदी केली होती, असं त्यांनी सांगितलंय. नूऊमध्ये ओठांनी काढायचा टकार आहे, पापा घेताना होतो तसा. जगात फार थोड्या भाषांत तो उरलाय. मुलं तो पटकन शिकतात म्हणे.

---

रानवाट

वाचलं. दोनदा वाचलं. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं 'दुर्दैव' मागे घेतो. नोकरीचा प्रश्न मात्र अजून माझ्या डोक्यात आहे.

---

मचवा

रानवाट, तो माझ्याही डोक्यात आहे.

काल आत्याचा फोन आला होता. हा धागा तिला भाचीनं वाचून दाखवला. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मग तो तुझा काटेवाला घरी पोरांशी काय बोलतो?" मला सांगता येईना. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम करतोय, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं. आज सकाळी काट्यावर पोती चढत असताना विचारलं. तो म्हणाला, पोरांशी स्वाहिली, बायको दुसऱ्या जमातीची आहे ना. आई आहे तोवर तिच्याशी माकोंडे. आणि हमालांशी.

मग त्यानं मला विचारलं, तुझी मुलं तिकडे काय बोलतात. मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पुढचं पोतं लावलं.